जातं गेलं, ओवी कुठं गेली?



मी बचत गटांचं काम बघते. आठवड्यातले चार-पाच दिवस या वाडीवरून त्या वाडीवर जायचं, बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, असं माझं काम. आज मात्र मी कर्जाविषयी किंवा व्याजाविषयी बोलणार नाही. आज गाण्याविषयी बोलणार आहे. गटाच्या कामाशी गाण्याचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच सांगा.

झालं असं, की आमच्याच गावातल्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. बायका पदर सावरून उठायला लागल्या. ज्या घरी बैठक होती त्या घरच्या जिजी सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. नात्यानं त्या माझ्या चुलत सासू. वय ऐंशीच्या पुढं, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "एवढ्यात उठलासा व्हय गं? एवढ्या येळात आमचं पायलीचं दळान बी व्हायचं न्हाय."

मी सहज विचारलं, "मग जिजी, एवढा वेळ बसून काय करायचात?"

"काय करनार? गायचो की."

"काय गायचात?"

"आता काय ध्यानात हाय ते," असं म्हणून त्या हसल्या. पण बोलता बोलता त्यांचा उजवा हात गोल फिरायला लागला. समोर जातं नव्हतं, खुंटा नव्हता, तरी मूठ वळलेली आणि हात फिरतोय. आणि त्या हाताबरोबर एक ओवी आली. तिच्यामागून दुसरी आली. दाराशी गेलेल्या बायका परत येऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही घरी गेलो ते तासाभरानं.

त्यानंतर मी जिजींकडं पाच-सहा वेळा जाऊन बसले. त्यांनी सांगितलं त्यातलं आणि मला वाचून ठाऊक असलेलं, असं दोन्ही मिळून आज सांगते.

जात्यावर बसायचं म्हणजे काय

आपल्या गटातल्या पोरीसोरींनी जातं बघितलंय ते लग्नात, हळद दळताना. त्याला हळदकुंकू लावायचं, पाच सवाष्णींनी हात लावायचा, फोटो काढायचा, झालं. जिजींच्या वेळी ते रोजचं काम होतं.

जातं म्हणजे दोन गोल दगड, एकावर एक ठेवलेले. खालचा जागेवर बसलेला, वरचा फिरणारा. वरच्या दगडाच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो. मधल्या तोंडातून मूठमूठ दाणे सोडायचे, त्याला वैरण घालणं म्हणतात. मूठ मोठी पडली की पीठ जाड निघतं आणि भाकरी थापताना चिरते. दगड गुळगुळीत झाला की दाणा भरडत नाही. मग जात्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीनं दगड पुन्हा खडबडीत करून घ्यायचा.

जिजींच्या घरात चौदा माणसं. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं आणि जिजी व त्यांच्या थोरल्या जाऊबाई समोरासमोर बसायच्या. एका खुंट्यावर दोघींचा एकेक हात. एक ओढणार, दुसरी लोटणार. दीड-दोन तास हेच. नंतर पाणी, शेण, भाकऱ्या आणि रानातलं काम होतंच.

आता यात गाणं कुठून आलं? "हौसंनं गात हुता काय?" असं मी विचारलं, तर जिजी म्हणाल्या, "हौस कसली? गायलं न्हाय तर जातं जड लागतंय."

मी यावर विचार केला तेव्हा कळलं, की गाण्याची तीन-चार कामं होती. पहिलं म्हणजे ताल. दोघींचे हात एका वेळी ओढले-लोटले गेले पाहिजेत. एकीचा हात मागं राहिला तर दुसरीच्या खांद्याला हिसका बसतो. ओवीची चाल दोघींना एका चालीत ठेवते. दुसरं म्हणजे दम. गाताना श्वास ठराविक जागी घ्यावा लागतो, त्यामुळं माणूस घाईनं दमून जात नाही. तिसरं म्हणजे झोप. पहाटेच्या अंधारात डोळा लागू नये म्हणून गाणं. चौथं म्हणजे घड्याळ. घरात घड्याळ नव्हतं. इतक्या ओव्या झाल्या की सूप रिकामं झालं, असा जिजींचा हिशोब होता.

आणि पाचवं कारण जिजींनी आवाज बारीक करून सांगितलं. जात्याच्या घरघरीत बोललेलं आत झोपलेल्यांना नीट ऐकू जात नाही. सासरी नवी सून दिवसभर तोंड उघडू शकत नसे. पहाटे जात्यावर मात्र तिला जे वाटेल ते ती ओवीतून सांगे. कोणी ऐकलंच तर म्हणायला मोकळी, "मी कुठं काय बोलले? ते तर गाणं हाय."

ओवी कशी असते

जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची असते. पहिल्या ओळीत डोळ्यांपुढचं काहीतरी येतं. वाट, झाड, पाऊस, बाजारातलं दुकान, कुंकवाचा करंडा. दुसऱ्या ओळीत मनातली गोष्ट येते. दोन्ही ओळींचा शेवट जुळतो. मध्ये मध्ये "बाई", "गं", "सांगते तुला" असे शब्द घालून ओळ लांबवतात, कारण दगडाचा फेरा पुरा व्हायला हवा. एक जण पहिली ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. त्यामुळं दुसरीला पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो.

ही ओवी कोणी एकीनं रचलेली नसते. आईकडून लेकीकडं, सासूकडून सुनेकडं ती येते. वाटेत नाव बदलतं, गाव बदलतं, एखादा शब्द बदलतो. लग्न होऊन पोरगी दुसऱ्या गावाला गेली की तिच्या पोटातून तिच्या आईच्या ओव्याही त्या गावाला जातात. जिजी पोटातून म्हणतात, डोक्यातून नाही. "पोटात हाईत त्या," असंच त्यांचं बोलणं.

ही गोष्ट आजकालची नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायच्या. त्यांना दळू लागायला विठ्ठल यायचा, अशी कथा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून जातं दाखवतात, वारीला गेलेल्या पुष्कळ जणींनी ते बघितलं असेल. किती ओव्यांत बायका जात्यालाच देव म्हणून हाक मारतात, त्याच्याशी बोलतात. पहाटेच्या वेळी ऐकून घेणारं दुसरं होतं तरी कोण?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तर आपल्याला शाळेतल्या पुस्तकातून माहीत आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातलं आणखी कोणी जवळ असेल त्यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. मी नेहमी विचार करते, त्यांचा मुलगा कवी नसता, त्यानं वही जपली नसती, तर? बहिणाबाई असत्या, पण आपल्याला कळल्या नसत्या. अशा कितीजणी आपल्याला कळल्याच नाहीत.

हे ओळखून काम केलेली माणसंही आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथंच राहिलेले गी पॉइटवाँ यांनी मुळशी तालुक्यातल्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करता करता ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढं महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. लिहून घेतल्या आणि पुष्कळशा गाणाऱ्या बाईच्या आवाजात टेपवरही घेतल्या. ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी २०१७ पासून ऐकायला मिळतात. त्यात राम-सीता आहेत, पंढरीची वाट आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे बायका फक्त देवाचं आणि माहेराचं गात होत्या असं नाही. जगात काय चाललंय ते त्यांच्या जात्यापर्यंत येत होतं.

दिवसभराचं गाणं

जात्यावर सुरू झालेलं गाणं दिवसभर पुरायचं. मोटेवर गडी बैलांना हाकत गायचा. सुगीत काढणीला भलरी असायची, एका ओळीत वाकलेल्या माणसांचे विळे तिच्या तालावर चालायचे. पाळण्यापाशी अंगाई. नागपंचमीला झाडाला झोके आणि फेर. नवरात्राच्या सुमारास हादगा, पुण्याकडं त्यालाच भोंडला म्हणतात. संध्याकाळी देवळात हरिपाठ.

बाहत्तरच्या दुष्काळाची आठवण जिजी अजून काढतात. आमचा भाग तसाही कमी पावसाचा. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या, जनावरं चाऱ्यावाचून विकावी लागली. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गावच्या गाव जायचं. "पदरात तीन लेकरं. एक झाडाखाली झोळीत, एक हाताशी, एक पाठीमागं. हातात हातोडा," असं जिजी सांगतात. मी विचारलं, "तिथंही गात होता?" म्हणाल्या, "तिथं तर लईच. पोटात काय न्हवतं, मग तोंडात तरी कायतरी पायजे की."

हे ऐकून आम्ही हसलो, पण थोड्या वेळानं कोणीच हसेना.

गिरणी आली, रेडिओ आला

मैत्रिणींनो, जुन्या माणसांच्या आठवणी ऐकताना एक चूक होते. आपल्याला वाटतं, काय छान दिवस होते ते! मीही जिजींना तसंच म्हणाले, "जिजी, जातं गेलं आणि सगळी मजा गेली बघा."

त्या माझ्यावर रागावल्याच. "कुनी सांगितलं तुला? गावात इंजिनची गिरन आली तवा मी नारळ ठेवला हुता तिच्यापुढं. ह्यो खांदा बघ, अजून दुखतुय. माझ्या सुनंनं दळलं न्हाय, ह्येचंच मला बरं वाटतंय."

तेव्हा जात्यासाठी रडायचं कारण नाही. गिरणीनं आपल्याला रोजचे दोन तास आणि खांदे परत दिले. पण जातं कोपऱ्यात गेलं, आणि त्याच्याबरोबर ते दोन तास समोरासमोर बसणंही गेलं. हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच सुमाराला रेडिओ आला. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं. १९५५ साली तिथून दर आठवड्याला 'गीतरामायण' लागू लागलं. गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभरात छप्पन्न गाणी. जिजी तेव्हा परकरी पोर होत्या. त्यांच्या माहेरी गावात एकाच वाड्यात रेडिओ होता. त्या वाड्याच्या ओट्यावर माणसं आधीच येऊन बसायची, कोणी कोणी रेडिओला हारसुद्धा घालायचे. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. पुढं ट्रान्झिस्टर आला. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ द्यायची पद्धत पडली. 'आपली आवड' लागलं की चुलीपुढं भाकरी थापताना बाया कान तिकडं ठेवायच्या. मग टेपरेकॉर्डर आला, प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी गावागावांत वाजू लागली. मग टीव्ही, मग मोबाइल.

जिजींना रेडिओ फार आवडायचा. लता मंगेशकरांचा आवाज ऐकला की हातातलं काम थांबायचं, असं त्या म्हणतात. पण त्यांनी एक गोष्ट फार सोपी करून सांगितली. "आदी आमी गात हुतो. मग ऐकाय लागलो. त्यांचं गानं लई ग्वाड, त्येच्यापुढं आपलं कसं म्हनायचं? मग लाज वाटाय लागली."

मला वाटतं, ओवी जाण्याचं निम्मं कारण गिरणीत आहे आणि निम्मं या लाजेत. जे रेडिओवर येतं ते गाणं, आणि आपण म्हणतो ते नुसतं गुणगुणणं, असं आपणच ठरवून टाकलं. आपलं हे सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. २००६ साली सरकारनं सामाजिक संस्थांनाही असं केंद्र चालवायची परवानगी द्यायला सुरुवात केली. त्यामुळं आज तुमच्या-माझ्यासारख्या बायकांचा आवाज, आपल्याच बोलीत, रेडिओवर येतो. म्हणजे रेडिओवर यायला आता गळा गोडच पाहिजे असं काही नाही.

भावाची ओवी

आता जे सांगणार आहे, ते त्या ताईला विचारून सांगते आहे. तिनं सांगितलं, नाव घेऊ नका, बाकी सांगा.

जात्यावरच्या ओव्यांमध्ये माहेराच्या आणि त्यातही भावाच्या ओव्या फार. भाऊ न्यायला येतो, भाऊ चोळी घेतो, भावाच्या गाडीला घुंगरं आहेत, भावाचं शेत हिरवं आहे. जिजींच्याही निम्म्या ओव्या भावाच्याच. दुसऱ्या बैठकीनंतर त्या अशाच भावाच्या ओव्या म्हणत होत्या. गटातली एक ताई उठून मोरीकडं गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा तोंड धुऊन आली होती.

आम्ही विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी वडील गेले. भावानं हक्कसोड पत्रावर सही मागितली. ती म्हणाली, विचार करून सांगते. एवढंच म्हणाली. तेव्हापासून माहेर बंद. भाऊबीज नाही, दिवाळीला बोलावणं नाही. आई आजारी पडली तेही दुसऱ्याकडून कळलं.

सहा वर्षं ती आमच्या गटात आहे. तिचा हप्ता एकदाही चुकला नाही, बचत एकदाही मागं पडली नाही. वहीत तिच्या नावापुढं सगळं चोख. म्हणून आम्ही तिला कधी काही विचारलंच नाही. गटाची सहयोगिनी म्हणून मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

जिजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचा भाऊ ग्वाड का ऱ्हायला ठाव हाय का? आमी हिस्सा मागितलाच न्हाय म्हनून. साडीचोळीवर भागीवलं. तू मागितला बी न्हाईस, निस्ती थांबलीस, तर एवढं झालं."

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. ओवीतल्या भावाबहिणीच्या प्रेमावर मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. पण हे मला कोणत्याही पुस्तकात दिसलं नव्हतं. बहिणीला घरात हिस्सा नव्हता, शेतात हिस्सा नव्हता. माहेराला परत जायची तिची एकच वाट होती, ती म्हणजे भाऊ. तो न्यायला आला तर माहेर आहे, नाही आला तर नाही. म्हणून तर त्याच्यावर एवढ्या ओव्या. त्यात माया आहेच. पण त्या मायेखाली भीतीही आहे.

आता दिवस बदललेत. हिंदू वारसा कायद्यात आपल्या राज्यात १९९४ साली आणि देशभरासाठी २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, लग्न झालेलं असो की नसो. सही करायची की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं आहे. कोणी करते, कोणी करत नाही. पण कागद वाचून, समजून, दडपणाशिवाय करावी. सल्ला हवा असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बायकांना वकिलाची मदत मोफत मिळते.

त्या ताईबरोबर गटातल्या दोघीजणी तिच्या माहेरी जाऊन आल्या. भांडायला नाही, आईला बघायला. कागदाचं अजून काही ठरलेलं नाही. मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला होता, एवढंच. पुढं काय होईल ते मला सांगता येत नाही. पण ती आता एकटी नाही, आणि हे एका ओवीमुळं झालं.

जुन्या माणसांना कसं विचारावं

माझ्या स्वतःच्या आजीला शेकड्यानं ओव्या यायच्या. मी कॉलेजात बहिणाबाईंवर टिपा लिहीत होते, आणि घरात आजी गात होती ते मी कधी लिहून घेतलं नाही. पुढं तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. शेवटची दोन वर्षं ती नुसती बघायची. तिची एकसुद्धा ओवी माझ्याकडं पुरी नाही. तुमच्या घरात असं होऊ नये, म्हणून आम्ही जिजींबरोबर जे शिकलो ते सांगते.

"गाणं म्हणा" असं एकदम म्हणू नका. जुनी माणसं लाजतात, म्हणतात, काही येत नाही. त्याऐवजी कामाचं विचारा. दळायला कोणाबरोबर बसायचात? पाणी कुठून आणायचात? तुमच्या लग्नात हळद कोणी दळली? काम आठवलं की गाणं मागून येतं. शक्य असेल तर हातात काही द्या. सूप द्या, जात्याचा खुंटा धरू द्या, नातवंड मांडीवर द्या. जिजींचा हात फिरला तेव्हा ओवी आली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

तरुणपणी ऐकलेली, म्हटलेली गाणी माणसाच्या मनात फार खोल राहतात. सकाळी काय जेवलो ते विसरणारी, घरच्यांची नावं चुकणारी माणसंसुद्धा जुनं गाणं पुरं म्हणतात. गाण्यानं विसराळूपणाचा आजार बरा होत नाही, त्याला डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. पण गाताना ते माणूस काही वेळ आपल्यात येऊन बसतं.

मोबाइलवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा. पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाइल हातात हलवत धरू नका, समोर पाटावर ठेवा, हातभर अंतरावर. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून घ्या, नाहीतर पाच वर्षांनी कोणाचा आवाज ते कळत नाही. मध्ये बोलू नका. खोकला आला, विसरल्या, थांबल्या, तरी थांबू द्या.

लिहून घेताना त्या जसं म्हणतात तसंच लिहा. "व्हतं" चं "होतं" करू नका. शब्द कळला नाही तर अर्थ बाजूला लिहा, शब्द बदलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारल्याशिवाय कोणाला पाठवू नका. ओवीत सासू असते, जाऊ असते, नवरा असतो. पहाटे जात्याशी बोललेलं दुपारी सगळ्या गावाच्या मोबाइलवर गेलं तर त्या माउलीला काय वाटेल? जिजींनी आम्हाला चार ओव्या म्हणून दाखवल्या आणि सांगितलं, ह्या ठेवू नका. आम्ही ठेवल्या नाहीत.

आता आमच्या त्या गटानं ठराव केला आहे. हिशोब झाला, सह्या झाल्या, की अर्धा तास बसायचं. कोणाला ओवी आली तर ओवी, नाही तर नुसतं बोलायचं. वही मिटून ठेवायची. गेल्या बैठकीत पहिल्यांदा एका चोवीस वर्षांच्या सुनेनं स्वतःची ओवी केली. गॅस सिलिंडरच्या भावावर होती. शेवट काही जुळला नाही, सगळ्या हसल्या. जिजी म्हणाल्या, "जुळंल, जुळंल. फेरा पुरा हू दे."

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला की लगेच उठू नका. सोप्यात जे कोणी जुनं माणूस बसलंय, त्यांना मध्ये बोलवा. दळायला कोणाबरोबर बसायचात, एवढंच विचारा. आणि जे ऐकाल ते आपल्या केंद्राला जरूर कळवा.

येते मी. नमस्कार.